रकाना नऊ, विक्रेत्याशी नातं

९ मार्च

ठमे,

मामाचा आशीर्वाद तुला आहेच, तो काही लिहून पाठवावा लागत नाही. लिहावं लागतंय ते वेगळंच. विक्रीकर कचेरीतून पत्र आलं आहे. खाकी पाकीट, वर गोल शिक्का, आणि माझं नाव वडिलांच्या नावासकट पूर्ण. इतकं पूर्ण नाव घालून मला एकदाच पत्र आलं होतं, शाळेतून काढलं तेव्हा. म्हणून मी दोन दिवस ते उघडलंच नाही, खळीच्या डब्याखाली ठेवलं. तिसऱ्या दिवशी डबा उचलला तर पाकीट तिथेच. मग उघडलं.

तुला आठवत असेलच, पण मी पुन्हा सांगतो, कारण तू दिवसभर शंभर लोकांचे कर बघतेस. जानेवारीत माझ्या बाइंडिंगच्या दुकानासमोरच्या वहीवाल्याने दुकान बंद केलं आणि मुलाकडे राहायला गेला. जाताना त्याने त्याचं कागद कापायचं मशीन मला विकलं. ऐंशी हजाराला. माझी एकुलती ठेव मी त्यासाठी मोडली. तेव्हा तूच म्हणालीस, "मामा, धंद्यासाठी जुनी वस्तू घेतलीस ना, मग तिच्यातला विक्रीकर परत मागता येतो, दहा हजार मिळतील." तू अर्जही पाठवलास आणि म्हणालीस, भरून मला दाखव. मी तुला दाखवला नाही. तुझी परीक्षा होती आणि मला वाटलं, बारा तर रकाने आहेत, मी काय अगदीच अडाणी आहे का?

पत्रात लिहिलंय, "सदर खरेदी संबंधित व्यक्तीकडून झाल्याचे दिसते. सबब परतावा रोखून ठेवण्यात येत आहे. खुलासा करावा." रोखून म्हणजे काय ते कळलं. खुलासा म्हणजे मी नेमकं कुठे जाऊन उभं राहायचं?

मी सगळं खरं लिहिलंय, ठमे. तारीख, किंमत, मशीनचं वजन, रंगसुद्धा. पावतीवर वहीवाल्याची सही आहे, त्याचा पत्ता आहे. तरी मी एक पिशवी भरून ठेवली आहे. दोन सदरे, चष्मा, रक्तदाबाच्या गोळ्या. न्यायला आले तर ऐन वेळी शोधाशोध नको.

लवकर लिही.

तुझा मामा

---

१४ मार्च

मामा,

पिशवी रिकामी कर आणि गोळ्या फडताळात ठेव, नाहीतर घ्यायला विसरशील. तुला कोणी न्यायला येत नाहीये. दहा हजारांसाठी सरकारने माणूस आणायला गाडी पाठवली तर पेट्रोलच त्याहून जास्त होईल.

आणि एक तक्रार. पाकिटावर तू "ठमी, विक्रीकरवाली" असा पत्ता लिहिलास. ते आमच्या साहेबांच्या टेबलावर गेलं. मी इथे चार वर्षं नोकरी करते, चार वर्षं लोक मला मॅडम म्हणत होते. आता मी ठमी आहे. फोन करावा तर तुला ऐकू येत नाही आणि मला ऑफिसात ओरडता येत नाही, म्हणून पत्रं हवीतच, पण पत्ता घरचा घाल.

आता नीट ऐक. एखादी वस्तू नवी घेतली तेव्हा तिच्यावर कर भरलेला असतो. ती जुनी झाली म्हणून तो कर हवेत जात नाही, किमतीत मुरून बसतो. तुझ्यासारख्या नोंदणी असलेल्या धंदेवाल्याने ती जुनी वस्तू नोंदणी नसलेल्या माणसाकडून घेतली, तर मुरलेला कर सरकार त्याला परत देतं. वहीवाल्या काकांचं दुकान एवढंसं, त्यांनी कधी नोंदणी केलीच नव्हती. म्हणजे सगळं सरळ होतं. किमतीचा आठवा हिस्सा, दहा हजार, तुझे.

पण नातेवाइकाकडून घेतलं तर नियम वेगळा. नाहीतर लोक घरातल्या घरात वाट्टेल त्या किमतीला एकमेकांना कपाटं विकतील आणि कर मागत बसतील. म्हणून तिथे त्या नातेवाइकाने पूर्वी जेवढा कर भरला असेल तेवढाच मिळतो. काकांनी मशीन तीस वर्षांपूर्वी घेतलं. तेव्हाचा कर किती असणार? चारपाचशे. आणि त्याचीही पावती मागतील.

मी तुमच्या तिकडच्या कचेरीत फोन केला. तिथल्या बाईंनी तुझा अर्ज वाचून दाखवला. रकाना नऊ, विक्रेत्याशी नातं. उत्तर, "भाऊ".

मामा, तुला भाऊ कधी झाला? मी आईला विचारलं. ती म्हणाली, "आम्ही दोघंच. तिसरा असता तर मला भांडायला एक जास्त मिळाला असता." मग हळूच म्हणाली, "आमच्या बाबांबद्दल कोणी काही बोललं का तुला?" एका शब्दात तू घरातल्या तीन पिढ्या हलवल्यास.

काय लिहिलंस आणि का लिहिलंस, ते कळव.

ठमी (आता काय, हेच नाव)

---

१८ मार्च

ठमे,

आधी तुझ्या आईला सांग की आमचे बाबा देवमाणूस होते. हे आज, आत्ता सांग, मग पुढचं वाच.

अर्जाच्या तळाशी जाड अक्षरात छापलं होतं की खोटी माहिती देणाऱ्यास दंड व कैद. हे वाचल्यावर मी रकाना नऊपाशी दोन दिवस अडलो. रिकामा सोडला तर वाटेल काहीतरी लपवतोय. "कोणी नाही" लिहिलं तर ते खोटं. "मित्र" लिहावं तर मित्र म्हणजे काय, माझे केस कापणाराही मला मित्र म्हणतो, आणि दर वेळी डावा कल्ला वर ठेवतो. एक्केचाळीस वर्षं आमची दुकानं समोरासमोर. दुपारी एकला तो गल्ली ओलांडून यायचा, किंवा मी. त्याच्या मशीनच्या टेबलावर कागद पसरून डबे उघडायचे. भांडण झालं असलं तरी यायचा, न बोलता जेवायचा आणि जायचा. ह्याला त्या एवढ्याशा रकान्यात काय लिहू?

आणि तो शब्द माझा नाहीच. त्याने आधी लिहिला. चौदा वर्षांपूर्वी माझ्या पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा तुम्ही सगळे लांब होतात. मी दुकानात आडवा झालो होतो. त्याने मला कागदाच्या हातगाडीवर घालून दवाखान्यात नेलं. तिथल्या बाई म्हणाल्या, जवळच्या नातेवाइकाची सही लागेल. ह्याने कागद ओढून घेतला आणि लिहिलं, भाऊ. त्या एका शब्दावर त्यांनी मला आत घेतलं. पुढे मी तो कागद पाहिला. अक्षर कोंबडीच्या पायासारखं, पण वाचता येत होतं.

आता मी दहा हजारांसाठी सही करून देऊ की हा माझा कोणी नाही?

पण दहा हजार हवेत, ते खोटं कशाला बोलू. मशीनचं पातं गेलंय. कागद कापत नाही, चावतं. नवं पातं नऊ हजार आठशे. कॉलेजच्या ग्रंथालयाची सहाशे पुस्तकं बांधायला आली आहेत, मेअखेर द्यायची. ती नोंदणीही त्यांच्यासाठीच केली ना आपण. शिलाई मी करीन, पुठ्ठे लावीन, पण कडा सरळ कापल्या नाहीत तर ते सहाशे जुडगे होतील, पुस्तकं नाहीत. काम परत गेलं की पुन्हा येणार नाही. ठेव मोडलेली, ती तू जाणतेस.

तू शिकलेली आहेस. काहीतरी तिसरी वाट काढ.

मामा

---

२३ मार्च

मामा,

बाबा देवमाणूस असल्याचं आईला कळवलं. ती म्हणाली, "ते मला माहीत होतं, ह्याला कधी कळलं?"

तिसरी वाट मी शोधली. नाहीये. कायद्यात नातं तीनच प्रकारचं, रक्ताचं, लग्नाचं आणि दत्तकाचं. तुमच्यात रक्त नाही. लग्न होण्याचं वय गेलं. दत्तक अजून होऊ शकतं, पण मग कोणी कोणाच्या मांडीवर बसायचं ते दोघांत ठरवा, आणि तुमच्या गुडघ्यांना विचारा.

तू म्हणतोस "कोणी नाही" हे खोटं. कायद्याच्या भाषेत ते खरं आहे आणि "भाऊ" हे खोटं आहे. तू कैदेच्या भीतीने नेमकं तेच लिहिलंस ज्याच्याबद्दल तिथे धमकी छापली होती. असा गुन्हेगार मी आजवर पाहिला नाही.

आणखी एक गोष्ट निघाली आहे. कचेरीने बाजारभाव काढला. असं मशीन, जुनं असलं तरी, दीड लाखाच्या खाली मिळत नाही. काकांनी तुला अर्ध्या किमतीत दिलं. त्या बाई म्हणाल्या, "परका माणूस अर्ध्यात देत नाही हो, म्हणजे भाऊच असणार." त्यामुळे आता दोन्ही गोष्टींचा खुलासा लागेल. मी कागद तयार करून सोबत पाठवते. त्यावर तू सही करायची, की विक्रेता तुझा रक्ताने, लग्नाने वा दत्तकाने कोणी लागत नाही. खालच्या अर्ध्या भागात तेच काकांनी लिहून द्यायचं, आणि किंमत कमी का घेतली तेही. तीस एप्रिलच्या आत कागद पोहोचला नाही तर मागणी रद्द.

दोन सह्या, मामा. सहाशे पुस्तकं.

ठमी

---

२ एप्रिल

ठमे,

तुझा कागद मिळाला. पुस्तकं दाबायच्या प्रेसमध्ये ठेवला आहे, म्हणजे सपाट राहील. घडी पडलेला कागद सरकारला चालत नसावा.

अर्ध्या किमतीचं वाचून मी दुकान एक तास बंद केलं. ठमे, तो मला म्हणाला होता की भंगारवाला सत्तर देतोय, तू पंच्याऐंशी दे. मी त्याच्याशी तीन दिवस घासाघीस केली. एकदा रागावून निघूनही आलो. शेवटी ऐंशीवर आणलं, आणि आठ दिवस गल्लीभर सांगत फिरलो की वहीवाल्याला कसा खाली ओढला. तो ऐकत होता. मान खाली घालून खोक्यात वह्या भरत होता आणि म्हणत होता, "नाही बाबा, तुझ्यापुढे आपलं चालत नाही."

आता मी कोणत्या तोंडाने त्याला तो कागद पाठवू? आधी अर्ध्यात मशीन घेतलं, वर त्याची सही मागतो की तू माझा कोणी नाहीस. त्याचे हात थरथरायला लागले म्हणून त्याने दुकान सोडलं. मुलाच्या घरी तो खिडकीत बसलेला असणार. पोस्टमन येणार, आणि माझ्याकडून त्याला काय मिळणार, तर हे.

तरी पण मी त्याला पत्र टाकलं आहे. उत्तर आलं की कळवतो. तू काळजी करू नकोस, कामाकडे लक्ष दे.

पुस्तकांच्या कडा सध्या हातसुरीने कापतोय. दिवसाला चार होतात. अक्षर वाकडं आलंय ते टेबल हलतं म्हणून.

मामा

---

७ एप्रिल

वहीवाले काका,

नमस्कार. मी समोरच्या बाइंडरची भाची. लहानपणी तुमच्या दुकानात येऊन कापलेल्या कागदांच्या पट्ट्या पळवायची ती. तुम्ही म्हणायचात, "चोर आली, गल्ला सांभाळा."

मामा लिहितो की त्याने तुम्हाला पत्र टाकलं आहे. ते त्याने टाकलेलं नाही, हे मी इथे बसून सांगते. टाकलं असतं तर पोहोचलं की नाही, हे विचारायला त्याने मला एव्हाना तीन पत्रं लिहिली असती. तो असंही लिहितो की टेबल हलतं म्हणून अक्षर वाकडं आलं. आईने त्याच्या शेजारच्या बाईंना फोन केला. उजव्या अंगठ्याला तीन टाके आहेत. सुरी लागली.

झालंय ते असं. तुमच्या मशीनवरचा कर परत मिळायला तुम्ही दोघांनी लिहून द्यायला हवं की तुम्ही एकमेकांचे नातेवाईक नाही. मामाने अर्जात "भाऊ" लिहून ठेवलंय आणि आता पुसायला तयार नाही. दहा हजार अडलेत, त्यावाचून पातं अडलंय, पात्यावाचून सहाशे पुस्तकं. तो पैशांसाठी नाही अडलेला. तुम्हाला लागेल म्हणून अडलाय, आणि मशीन अर्ध्या किमतीत मिळाल्याचं कळल्यापासून तोंड लपवतोय. चौदा वर्षांपूर्वीचा दवाखान्यातला कागद त्याच्या अजून डोक्यात आहे.

कागदाची एक प्रत तुम्हाला पाठवते. मी हे परस्पर केलं म्हणून तो मला ओरडेल. ओरडू दे, त्याला तेवढंच बरं वाटेल.

तुमची चोर

---

१६ एप्रिल

काळजीवाहू महाराज,

हे पत्र सून लिहिते आहे, मी सांगतो आहे. तिने मधे काही गोड घातलं तर ते माझं समजू नकोस. खालची सही माझी आहे, म्हणून ती भूकंपासारखी दिसेल.

तुझ्या भाचीने कळवलं. ती पट्ट्या चोरायची तेव्हाच मी म्हणालो होतो, ही पोर पुढे सरकारात जाणार.

सोबतच्या कागदाच्या खालच्या अर्ध्यात मी सरकारला जे लिहून दिलं, ते तुझ्यासाठी इथेही उतरवतो.

"मी, खाली सही करणारा, लिहून देतो की खरेदीदार माझा रक्ताने, लग्नाने अथवा दत्तकाने कोणीही लागत नाही. किंमत कमी घेण्याचे कारण असे की सदर मशीनचे दाबचाक दुसऱ्या फेऱ्याला अडकते. ते सोडवण्यासाठी टेबलाखालून डावा गुडघा लावून वर उचलावे लागते व त्याच वेळी चाक फिरवावे लागते. शिवाय कागद टेकवायची मागची पट्टी केसभर तिरकी आहे, तिच्या उजव्या टोकाला पुठ्ठ्याचा तुकडा घडी घालून खुपसावा लागतो. घडी किती जाड हे सांगता येत नाही, हाताला कळते. हे मशीन चालवणारी माणसे दोन. त्यांपैकी माझे हात आता चालत नाहीत. तिसऱ्या कोणाला विकले असते तर त्याने आठ दिवसांत परत आणून दारात टाकले असते. सबब बाजारात या मशीनची किंमत भंगाराची आहे, आणि भंगारवाला सत्तर हजार देत होता. वरील मजकूर खरा आहे."

वाचलंस? आता पडलेलं तोंड वर कर. मी तुला दान केलेलं नाही. भंगारवाल्यापेक्षा दहा जास्तच उकळले. पंच्याऐंशी मी मुद्दाम सांगितले, कारण खाली आणल्याशिवाय तुला अन्न गोड लागत नाही. तू रागावून निघून गेलास तेव्हा मी तुझ्या पाठीकडे बघून पोट धरून हसलो. सुनेने हे लिहायला नको म्हटलं. मी म्हटलं, लिही.

आता दवाखान्याचं. चौदा वर्षं तू तो कागद मनात घेऊन हिंडतोयस, हे मला ठाऊक असतं तर मी तेव्हाच फाडला असता. अरे, मी भाऊ लिहिलं कारण त्या बाईंना भाऊ हवा होता. त्यांनी चुलतसासरा मागितला असता तर मी चुलतसासरा लिहिलं असतं. मला एवढंच हवं होतं की तुला आत न्यावं. तिथे मी खोटं लिहिलं आणि मला काहीसुद्धा वाटलं नाही. इथे तुला खरं लिहायचंय आणि तुला घाम फुटतोय. तुझं सगळं उलटंच.

माझा सख्खा भाऊ तुला माहीत आहे. तो तीन गल्ल्या पलीकडे राहायचा. एक्केचाळीस वर्षांत त्याने माझ्या टेबलावर किती वेळा डबा उघडला, सांग. म्हणून म्हणतो, तो रकाना काही आपल्याला मोठं करत नाही की लहान करत नाही. तुला सही करायला जड जातंय, तेवढं मला पुरे. आता कर.

अंगठ्याचं मला सांगितलं नाहीस. ते मात्र मला लागलं. हातसुरीने सहाशे पुस्तकं कापायला निघालास, तू काय वीस वर्षांचा आहेस का?

इथे खिडकी चांगली आहे. समोर भिंत आहे. सून वर्तमानपत्र वाचून दाखवते, पण भांडत नाही. नातू शाळेतून आला की थोडा आवाज होतो.

तुझा कोणीही न लागणारा

---

२० एप्रिल

ठमे,

तुला मी चांगलं झापणार होतो. तीन ओळी लिहून खोडल्या. माझ्या पाठीमागे पत्र पाठवतेस, अंगठ्याची बातमी गावभर करतेस, आणि तुझी आई त्यात सामील. शेजारच्या बाईंशी मी आता बोलत नाही. त्यांना ते अजून कळलेलं नाही, काल खळ कशी करतात विचारत होत्या आणि मला सांगावं लागलं.

सोबत त्याने पाठवलेला कागद आहे. सही केली आहे. आधी कोऱ्या कागदावर पाच वेळा करून पाहिली. मग दार लावून घेतलं. "कोणीही लागत नाही" ह्या शब्दांवर हात ठेवून सही केली, म्हणजे ते दिसणार नाहीत. अंगठ्यामुळे जरा वेडीवाकडी आली. त्याची खालची सही बघितलीस? दोन्ही सारख्याच दिसतात. कचेरीला संशय आला की एकानेच केल्या तर सांग, की एकाच्या हाताला कंप आणि दुसऱ्याच्या अंगठ्याला टाके.

त्याच्या पत्रात एक वाक्य आहे, खिडकी चांगली आहे, समोर भिंत आहे. ते मी पुन्हा पुन्हा वाचतो. खिडकीसमोर भिंत असेल तर ती चांगली कशी?

रजिस्टरने पाठवतोय. पोहोचल्याचं कळव. न पोहोचल्याचंही कळव.

मामा

---

६ जून

वहीवाल्या,

दहा हजार आले. ठमीने कळवलं तेव्हा मी तिला विचारलं, परत तर मागणार नाहीत ना? तिने उलट टपाली बँकेची पावती पाठवली.

पण त्याआधी काय झालं ते ऐक. सुनेला म्हणावं, हे सगळं मोठ्याने वाच, गाळू नकोस. मेच्या पहिल्या आठवड्यात विक्रीकर कचेरीतून एक माणूस आला. तरुण, इस्त्रीचा सदरा, काखेत फाईल. म्हणाला, मशीन बघायचंय. मी म्हटलं, बघा. म्हणाला, चालवून दाखवा. मी म्हटलं, तुम्हीच चालवा, मी चालवलं तर म्हणाल की ह्याने काहीतरी केलं. त्याने बाह्या वर केल्या. पहिला फेरा झाला. दुसऱ्याला चाक अडकलं. त्याने जोर लावला, पाय भिंतीला लावून ओढलं, कपाळावर शिरा आल्या. म्हणाला, हे बिघडलंय. मी म्हटलं, बाजूला व्हा. डावा गुडघा खाली घातला, उचललं, चाक फिरवलं. फिरलं. तो म्हणाला, पुन्हा दाखवा. पुन्हा दाखवलं. मग म्हणाला, मी करतो. त्याने गुडघा घातला आणि टेबलाच्या कडेवर असा आपटला की मला पाणी आणून द्यावं लागलं. खुर्चीत बसून त्याने फाईलीत बराच वेळ काहीतरी लिहिलं. जाताना पायऱ्या एकेक करून उतरला. पंधरा दिवसांनी परतावा मंजूर.

तोवर थांबायला मला फुरसत नव्हती. ठमीने पात्याचे पैसे आधी तिच्या पगारातून पाठवले होते. मी नको म्हटलं, ती म्हणाली, हप्त्याने फेड, नाहीतर तुला नातेवाईक म्हणून नोंदवीन. आता फेडले. नवं पातं लोण्यासारखं चालतं. सहाशेच्या सहाशे पुस्तकं एकोणतीस मेला गेली. ग्रंथालयाच्या बाईंनी एक उचलून कडेवरून बोट फिरवलं. मग आणखी चारशे पाठवली. अंगठा बरा आहे, फक्त पाऊस येणार असला की सांगतो.

तुझ्या दुकानात आता चष्मेवाला आलाय. काचेचं दार लावलंय. माणूस बरा आहे, पण दुपारी एकला दाराला पाटी लावून घरी जातो. मी डबा तुझ्या टेबलावरच उघडतो, ते आता माझ्याकडे आहे ना. एकटा जेवतो म्हणून लवकर उरकतं. भिंतीकडे तोंड करून बसायचो, आता फिरून दाराकडे बसतो.

त्या सहीचं मला बरेच दिवस वाईट वाटत होतं. आता वाटत नाही. मी ह्यावर विचार केला आहे, आणि मी विचार करतो म्हणजे किती करतो ते तुला माहीत आहे. तुझा भाऊ तुझ्याकडे कधी येतो? कोणाचं लग्न असलं की, नाहीतर कोणी गेलं की. माझी बहीण माझ्याकडे कधी येते? तसंच. नातेवाइकाला यायला काहीतरी घडावं लागतं. माझ्या घरी लग्नाचं कोणी उरलेलं नाही, आणि दुसऱ्या कारणाची मला घाई नाही.

खाटेवर नवी गादी घातली आहे. मुलाला सांग, गाडीत बसवून देईल, इथे उतरवून घ्यायला मी येईन. हात थरथरतात ते थरथरू देत, तू नुसता बस आणि मी तिरकं कापतोय म्हणून शिव्या दे. सरकारदरबारी लेखी आहे, तू माझा कोणी लागत नाहीस.

तेव्हा उगीच ये.